रुग्णशय्येपाशी नीतिविचार : डेमियन कीओन यांचे वैद्यकीय नीतिशास्त्रातील कार्य

प्रास्ताविक

पूर्वी मनुष्य मरण पावला की नाही हे ठरविण्यास फारशी विद्वत्ता लागत नसे. श्वास थांबला, नाडी लागेनाशी झाली, अंग थंड पडले की घरच्यांना कळून चुके. कृत्रिम श्वसनयंत्राच्या शोधाने ही स्थिती पालटली. मेंदूचे कार्य थांबले आहे, परंतु यंत्राच्या साह्याने छाती हलते आहे, हृदय धडधडते आहे, अंगाला ऊब आहे, असा देह आज अतिदक्षता विभागात पाहावयास मिळतो. तो जिवंत मनुष्य म्हणावा की मृतदेह? त्याचे अवयव काढून दुसऱ्या रुग्णास देणे हे दान होय की प्राणघात? असाध्य व्याधीने तळमळणारा रुग्ण मरण मागतो, तेव्हा त्याला ते देणे ही करुणा ठरेल काय? हे प्रश्न आता केवळ तत्त्वज्ञांच्या चर्चेचे राहिलेले नाहीत. आपल्यापैकी कोणाच्याही कुटुंबावर असा प्रसंग येऊ शकतो. डॉक्टर हातात कागद घेऊन समोर उभे राहतात आणि नातेवाइकांना तासा-दोन तासांत उत्तर द्यावे लागते.

अशा वेळी धम्म काय मार्गदर्शन करतो? हा प्रश्न पद्धतशीरपणे हाती घेणाऱ्या आधुनिक अभ्यासकांत डेमियन कीओन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. लंडन विद्यापीठाच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले आणि तेथूनच बौद्ध नीतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते निवृत्त झाले. त्यांच्या कार्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतू आहे. त्यांची मते आपण कितपत स्वीकारावीत याचा विचार करणे हा दुसरा हेतू होय. कारण त्यांच्या काही निष्कर्षांचा बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या धम्मविचाराशी सहजासहजी मेळ बसत नाही, आणि हा भेद झाकून ठेवण्यापेक्षा तो नीट समजून घेणे अधिक हिताचे आहे.

शील हे साधन की साध्य?

कीओन यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात संशोधन केले. त्या संशोधनावर आधारलेला 'द नेचर ऑफ बुद्धिस्ट एथिक्स' हा त्यांचा ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला. या ग्रंथात वैद्यकाचा विषय नाही. परंतु पुढील सर्व लेखनाचा पाया येथेच घातला गेला आहे. म्हणून त्यातील मुख्य सिद्धान्त प्रथम पाहू.

त्या काळी पाश्चात्त्य विद्वानांत एक समज रूढ होता. विन्स्टन किंग यांनी १९६४ साली आणि मेलफर्ड स्पायरो यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, ब्रह्मदेशातील बौद्ध जीवनाच्या आधारे, बौद्ध धर्माचे जणू दोन थर कल्पिले होते. एक थर पुण्यसंचयाचा, दुसरा निब्बाणाचा. गृहस्थाने शील पाळावे, दान द्यावे, पुण्य जोडावे; निब्बाणाच्या साधकाने मात्र शीलाच्याही पलीकडे जावे, असा या मांडणीचा रोख होता. पैलतीराला पोचल्यावर नौका डोक्यावर घेऊन कोणी चालत नाही, या सुप्रसिद्ध दृष्टान्ताचा अर्थही याच पद्धतीने लावला जाई. शील म्हणजे नौका. पैलतीर गाठला की तिचे काम संपले.

ही मांडणी खरी मानली तर तिचे परिणाम गंभीर आहेत. नीती ही मग केवळ सोय ठरते. ज्याला ज्ञान झाले तो नीतीच्या बंधनातून मोकळा होतो. कीओन यांनी या समजाला ठाम विरोध केला. दीघनिकायातील सोणदण्ड सुत्ताकडे त्यांनी लक्ष वेधले. हाताने हात धुवावा आणि पायाने पाय धुवावा तसे शील प्रज्ञेला व प्रज्ञा शीलाला शुद्ध करते, असे तेथे प्रतिपादन आहे. जेथे शील तेथे प्रज्ञा, जेथे प्रज्ञा तेथे शील. अर्हत हा शीलाला मागे टाकून गेलेला नसतो. शील हा त्याचा स्वभाव झालेला असतो. सम्यक् संबोधीनंतर पंचेचाळीस वर्षे तथागत लोकांच्या दुःखनिवारणासाठी पायी फिरत राहिले, हे त्याचे सर्वांत मोठे प्रमाण होय.

हा विचार स्पष्ट करण्यासाठी कीओन यांनी ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांच्या नीतिविचाराशी तुलना केली. ॲरिस्टॉटल यांच्या मते मनुष्याचे परमकल्याण म्हणजे मानवी गुणांचा पूर्ण विकास. सद्गुण हे त्या कल्याणाकडे नेणारे भाडोत्री वाहन नव्हे. कल्याण हे सद्गुणांचेच बनलेले असते. कीओन यांच्या प्रतिपादनानुसार निब्बाण हेही असेच मानवी जीवनाचे परिपूर्ण कल्याण होय. अलोभ, अद्वेष आणि अमोह यांनी घडलेले जीवन म्हणजे निब्बाणाकडे जाणारे जीवन, आणि त्या गुणांची परिपूर्ती म्हणजेच निब्बाण. यावरून आणखी एक निष्कर्ष निघतो. कर्म कुशल की अकुशल हे केवळ त्याच्या फळावरून ठरत नाही. ते ज्या मुळातून उगवते त्यावरूनही ठरते.

बाबासाहेबांच्या वाचकाला येथे ओळखीची भूमी दिसेल. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी नीतीला धम्माच्या केंद्रस्थानी ठेवले. इतर धर्मांत जे स्थान ईश्वराला आहे ते धम्मात नीतीला आहे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. ऑक्सफर्डच्या अभ्यासकाने पालि ग्रंथांचे पृथक्करण करून १९९२ साली जेथे पोचावे, तेथे बाबासाहेब आधीच उभे होते. दोघांचे मार्ग वेगळे, प्रयोजनेही वेगळी. परंतु नीती म्हणजे धम्माची केवळ पहिली पायरी नव्हे, या बाबतीत दोघांचे एकमत आहे.

नियतकालिक आणि मानवी हक्कांची चर्चा

१९९४ साली कीओन यांनी अमेरिकेतील अभ्यासक चार्ल्स प्रेबिश यांच्यासह 'जर्नल ऑफ बुद्धिस्ट एथिक्स' हे नियतकालिक सुरू केले. संगणकाच्या जाळ्यावरून जगभर विनामूल्य उपलब्ध होणाऱ्या आरंभीच्या विद्वत्प्रधान नियतकालिकांत त्याची गणना होते. १९९५ साली या नियतकालिकाने बौद्ध धम्म व मानवी हक्क या विषयावर संगणकाद्वारेच परिषद भरविली आणि १९९८ साली त्यातील निबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मनुष्याच्या प्रतिष्ठेचा आधार कोणता, या प्रश्नाचे कीओन यांनी दिलेले उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुःखाचा निरोध शक्य आहे आणि त्याचा मार्ग आहे, या तिसऱ्या व चौथ्या आर्यसत्यांत त्यांना तो आधार दिसतो. बोधीची क्षमता प्रत्येक मनुष्यात आहे. म्हणून प्रत्येक मनुष्य आदरास पात्र आहे. ही प्रतिष्ठा जन्मावर, पदावर किंवा उपयुक्ततेवर अवलंबून नाही.

तीन मूलभूत श्रेये

या पायावर उभा राहिलेला 'बुद्धिझम ॲण्ड बायोएथिक्स' हा ग्रंथ १९९५ साली प्रसिद्ध झाला. गर्भाची अवस्था, मृत्यूची व्याख्या, असाध्य रुग्ण आणि दयामरण या प्रश्नांचा मूळ बौद्ध ग्रंथांच्या आधारे सलग विचार करणारा हा महत्त्वाचा ग्रंथ होय. यात कीओन यांनी मानवी कल्याणाची तीन मूलभूत श्रेये सांगितली : जीवित, ज्ञान आणि मैत्री. पाश्चात्त्य नैसर्गिक विधीच्या परंपरेतील, विशेषतः जॉन फिनिस यांच्या मांडणीचा हा प्रभाव आहे. मात्र ही तीनही श्रेये बौद्ध ग्रंथांतच आढळतात असा कीओन यांचा दावा आहे. प्राणघातापासून विरती हे पहिले शील जीविताचे मूल्य सांगते, प्रज्ञा ज्ञानाचे आणि मेत्ता-करुणा मैत्रीचे.

यातील महत्त्वाचा मुद्दा असा की एका श्रेयाच्या नावाने दुसऱ्याचा घात करता येत नाही. करुणा श्रेष्ठ आहे, म्हणून करुणेने प्रेरित होऊन जीविताचा नाश करावा, ही तर्कपद्धती कीओन यांना मान्य नाही. पाश्चात्त्य वैद्यकीय नीतिशास्त्रात 'व्यक्ती' या कल्पनेला फार महत्त्व आले आहे. ज्याला आत्मभान आहे, जो विचार करू शकतो, तोच व्यक्ती. ज्याची ही शक्ती गेली त्याचे जीवन तितक्या मोलाचे नाही, असा एका पक्षाचा आग्रह असतो. कीओन हा आग्रह नाकारतात. बौद्ध दृष्टीने मनुष्य पंचस्कंधांचा आहे. त्यातील एखादीच शक्ती वेगळी काढून तिला मनुष्यत्व म्हणता येत नाही. बुद्धी मंद असलेले मूल, स्मृती गेलेली वृद्धा, बेशुद्ध पडलेला मजूर, या सर्वांचे जीवित समान मोलाचे ठरते.

ताक देण्याची कथा

दयामरणाच्या प्रश्नावर कीओन यांनी विनयपिटकाचा जो उपयोग केला आहे तो त्यांच्या पद्धतीचा उत्तम नमुना होय. मनुष्यवध हा भिक्खूसाठी तिसरा पाराजिक आहे. म्हणजे तो करणाऱ्याचे भिक्खुत्व संपुष्टात येते. हा नियम सांगितल्यानंतर विनयपिटकात अनेक प्रकरणांचा निवाडा दिला आहे. त्यांतील दोन येथे पाहू.

एका प्रकरणात एक भिक्खू अत्यंत आजारी आहे. त्याच्या यातना पाहून सहकारी भिक्खूंना करुणा येते आणि ते त्याच्यापुढे मरणाची प्रशंसा करतात. त्या बोलण्याचा परिणाम होऊन तो रुग्ण मरण पावतो. भिक्खूंच्या मनात शंका येते आणि ते तथागतांना विचारतात. निर्णय असा दिला जातो की हा पाराजिकच होय. दुसऱ्या प्रकरणात हातपाय तोडलेला एक मनुष्य नातेवाइकांच्या घरी पडून आहे. एक भिक्खू त्या नातेवाइकांना विचारतो की याला मरण यावे असे तुम्हांला वाटते काय. ते होकार देतात. भिक्खू म्हणतो, मग त्याला ताक पाजा. ताक पाजले जाते आणि तो मरतो. येथेही निर्णय तोच.

या निवाड्यांत मोठा विवेक आहे. पहिल्या प्रकरणात हेतूच्या शुद्धतेविषयी शंका नाही. ग्रंथच स्पष्टपणे करुणेचा उल्लेख करतो. तरीही कृत्य निर्दोष ठरत नाही. आचार्य बुद्धघोष यांची अट्ठकथा त्याचे कारण उलगडते : करुणा असली तरी त्या भिक्खूंनी मरण हेच आपले उद्दिष्ट केले होते. कीओन यांचा निष्कर्ष यावरच उभा आहे. करुणा ही कृतीची प्रेरणा असावी. परंतु ती कृतीचे स्वरूप बदलू शकत नाही. दुसरे प्रकरण तर आजच्या काळाशी थेट बोलते. तेथे रुग्णाला कोणी काही विचारलेच नाही. ज्यांच्यावर त्याच्या सेवेचा भार होता त्यांना विचारले गेले आणि त्यांनी होकार दिला.

उपचार थांबविणे म्हणजे प्राणघात काय?

याचा अर्थ कोणत्याही परिस्थितीत, कितीही यातना होवोत, यंत्रे लावून प्राण धरून ठेवलेच पाहिजेत असा होतो काय? कीओन यांचे उत्तर नकारार्थी आहे आणि तेही ग्रंथाधारित आहे. अट्ठकथेत बुद्धघोष दोन परिस्थितींत भेद करतात. औषध आणि सेवा करणारे उपलब्ध असताना केवळ मरण्याच्या इच्छेने अन्न व औषध नाकारणे दोषास्पद आहे. परंतु आजार दीर्घ व गंभीर आहे, सेवा करणारे भिक्खू थकून गेले आहेत, देह आता टिकणार नाही असे रुग्णाला दिसते आहे, अशा वेळी त्याने अन्न-औषध घेणे थांबविले तर तो दोष मानलेला नाही. मरण घडवून आणणे आणि अटळ मरणाला वाट देणे यांतील ही सीमारेषा आहे. जीवित मौल्यवान आहे म्हणून मृत्यूच नाकारणे हे अनित्यतेचे अज्ञान ठरेल.

आपल्या देशाचा कायदाही अशाच एका रेषेपाशी येऊन पोचला आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निर्णय दिला. १९७३ साली झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर त्या शेवटपर्यंत शय्येवरच होत्या. त्यांचे अन्न थांबविण्याची विनंती न्यायालयाने फेटाळली. तथापि काही बंधनांसह निष्क्रिय दयामरणाचे तत्त्व मान्य केले. २०१८ साली न्यायालयाने सन्मानाने मरणे हा जीविताच्या हक्काचा भाग मानला आणि उपचारांविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवण्यास मान्यता दिली. २०२३ साली त्याची कार्यपद्धती अधिक सुलभ करण्यात आली. मारण्याच्या हेतूने औषध टोचणे मात्र कायद्याने निषिद्धच आहे.

अरुणा शानभाग यांचा मृत्यू २०१५ साली झाला. बेचाळीस वर्षे त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली आणि त्यांचे अन्न थांबविण्यास विरोध केला. येथे विनयपिटकातील आणखी एका कथेचे स्मरण होते. अतिसाराने ग्रस्त झालेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसला. तो इतरांच्या काही कामाचा नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे लक्ष देत नव्हते. तथागतांनी आनंदांसह स्वतः त्याला स्नान घातले, उचलून शय्येवर ठेवले आणि संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी. बाबासाहेबांनीही तथागतांची रुग्णांविषयीची ही कळकळ आपल्या ग्रंथात आवर्जून नोंदविली आहे. दयामरणाची मागणी पुष्कळदा एकाकीपणातून आणि न शमलेल्या वेदनेतून जन्म घेते. तिला धम्माचे पहिले उत्तर म्हणजे शुश्रूषा आणि वेदनाशमन होय.

छन्नाचा प्रश्न

कीओन यांच्या भूमिकेवर एक स्वाभाविक आक्षेप येतो. संयुत्तनिकायात छन्न नावाच्या भिक्खूची कथा आहे. असह्य वेदनांमुळे त्याने शस्त्राने आपले जीवन संपविले आणि तथागतांनी त्याला दोष दिला नाही. मग आत्मघाताला धम्माची अनुमती आहे असे म्हणावे काय? १९९६ साली लिहिलेल्या विस्तृत निबंधात कीओन यांनी या कथेची चिकित्सा केली. त्यांचे म्हणणे असे की एखाद्याला दोषी न ठरविणे वेगळे आणि त्याच्या कृत्याला अनुमोदन देणे वेगळे. सारिपुत्तांनी छन्नाला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, औषध व सेवा देऊ केली, ही गोष्टही विसरता येत नाही. या एका अपवादात्मक कथेवरून सर्वांसाठी नियम काढता येणार नाही. कीओन यांचा हा अर्थ सर्व अभ्यासकांनी मान्य केलेला नाही. परंतु त्यातील भेद व्यवहारात उपयोगी आहे. ज्या घरात असे मरण घडले आहे त्या घराला दोष देत बसणे धम्मसंगत नाही. आणि असे मरण हा मार्ग म्हणून सांगणेही धम्मसंगत नाही.

मत बदलण्याचे धैर्य

कीओन यांच्या कार्यातील सर्वांत उद्बोधक भाग मस्तिष्कमृत्यूच्या प्रश्नाशी निगडित आहे. मृत्यू केव्हा होतो याविषयी निकायांत एक सूत्र आढळते : आयु, उष्मा आणि विञ्ञाण ही तीन देहाला सोडून जातात तेव्हा देह निर्जीव काष्ठवत् पडतो. १९९५ च्या ग्रंथात कीओन यांनी असे प्रतिपादन केले की मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा आधुनिक निकष या सूत्राशी जुळतो. मस्तिष्कस्तंभ म्हणजे मेंदूचा खालचा, मज्जारज्जूशी जोडलेला भाग. श्वसनादी क्रियांचे नियंत्रण तेथून होते. तो कायमचा निकामी झाला की देहाची एकसंधता संपते. यंत्रामुळे हृदय चालू राहिले तरी ते काही काळापुरतेच, असे त्या वेळच्या वैद्यकाचे म्हणणे होते.

१९९८ साली ॲलन श्यूमन या अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञांनी या समजुतीला धक्का दिला. मस्तिष्कमृत घोषित झालेले अनेक देह आठवडे, महिने टिकल्याची प्रकरणे त्यांनी एकत्र केली. एका प्रकरणात तर हा काळ चौदा वर्षांहून अधिक होता. अशा देहांत जखमा भरतात, अन्नाचे पचन होते, अंगाची ऊब टिकते, असे दिसून आले होते. मग देहाची एकसंधता संपली असे कसे म्हणावे? उष्मा गेलेली नाही, तर आयु गेले असे कशावरून? २०१० साली कीओन यांनी आपल्याच नियतकालिकात निबंध लिहून पूर्वीचे मत मागे घेतले. मस्तिष्कमृत्यू म्हणजे मृत्यू, हे बौद्ध निकषांवर सिद्ध होत नाही, असा त्यांचा नवा निष्कर्ष आहे. अवयवदानाच्या कल्पनेला त्यांचा विरोध नाही. आक्षेप आहे तो, जो मृत आहे याची खात्री नाही त्याच्या देहातून अवयव काढण्याला.

हा निष्कर्ष आपल्याला अस्वस्थ करणारा आहे. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि आरंभी तो ज्या राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र व गोवा यांचा समावेश होता. या कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला आहे. चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोन वेळा तपासणी करून तो प्रमाणित करावयाचा असतो. जगातील बहुसंख्य वैद्यकतज्ज्ञ हा निकष योग्य मानतात, आणि त्यावर आधारलेल्या दानामुळे यकृत व हृदय निकामी झालेल्या असंख्य रुग्णांना जीवन मिळाले आहे. कीओन यांच्या नव्या मतावर असेही उत्तर देता येईल की निकायांतील सूत्रात उष्मा एकटी नाही. विञ्ञाणही आहे, आणि यंत्राने राखलेली ऊब म्हणजे आयु नव्हे. प्रस्तुत लेखकाला हे उत्तर अधिक सबळ वाटते. मृत्यूची घोषणा कायद्याने व काळजीपूर्वक झाली असेल, तर अवयवदान हे आजच्या काळातील श्रेष्ठ दान होय. परंतु ज्या कुटुंबाचे मन देहाची ऊब पाहून धजावत नाही, त्याला अज्ञानी म्हणून हिणविण्याचा अधिकार कोणालाही नाही. एका जाणत्या अभ्यासकालाही पंधरा वर्षांनी तीच ऊब विचारात पाडून गेली.

त्याहून मोलाची गोष्ट त्यांच्या वर्तनात आहे. ज्या ग्रंथाने त्यांना कीर्ती दिली त्यातील एक प्रमुख निष्कर्ष नवा पुरावा येताच त्यांनी जाहीरपणे सोडला. केवळ परंपरेने आले म्हणून स्वीकारू नये, अनुभवाने व बुद्धीने पारखून घ्यावे, ही कालामांना केलेल्या उपदेशातील शिकवण स्वतःच्या लेखनाला लावणे सर्वांत कठीण असते.

दोन मर्यादा

कीओन यांच्या विचाराला मर्यादाही आहेत. चार्ल्स गुडमन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बौद्ध नीती ही सर्वांच्या कल्याणाकडे, म्हणजेच परिणामांकडे पाहणारी आहे असे प्रतिपादन करून कीओन यांच्या मांडणीला आव्हान दिले. तो वाद येथे बाजूला ठेवू. आपल्या दृष्टीने दोन मर्यादा अधिक महत्त्वाच्या आहेत.

पहिली नियम व तत्त्व यांच्या संबंधाची. बाबासाहेबांनी अहिंसेचे विवेचन करताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला. नियम मनुष्याला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करून वागण्याची मोकळीक देते. हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांतही त्यांनी फरक केला. कीओन यांची भूमिका नियमाकडे झुकते. विनयातील भिक्खूंसाठीचा निवाडा आजच्या गृहस्थ डॉक्टरला जसाच्या तसा लावता येईल काय, ही शंका रास्त आहे. तथापि बाबासाहेबांच्या त्या विवेचनात संदर्भ यज्ञातील पशुहत्येचा व मांसाहाराचा आहे. असाध्य रुग्णाचा नाही. आणि तत्त्वाची मोकळीक घेणाऱ्याने एक प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे : गरज कोणाची? ताकाच्या कथेतील गरज नातेवाइकांची होती. ज्या समाजाने शतकानुशतके काही माणसांचे जीवन जन्मावरून कमी मोलाचे ठरविले, त्या समाजात 'याचे जगणे आता व्यर्थ आहे' हे वाक्य कोण, कोणाविषयी उच्चारतो आहे, याची शहानिशा आपण इतरांपेक्षा अधिक केली पाहिजे. या बाबतीत कीओन यांची कठोरता आपल्याला रक्षक वाटावी अशी आहे.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. कीओन यांचे विवेचन मुख्यतः रुग्णशय्येपाशी सुरू होते. रुग्ण त्या शय्येपर्यंत पोचला कसा, किंवा का पोचला नाही, हा प्रश्न त्यात गौण राहतो. आपल्याकडे उपचार थांबविण्याचा निर्णय अनेकदा तत्त्वचिंतनातून होत नाही; पैसे संपले म्हणून होतो. घर गहाण पडले, दागिने विकले, आता रुग्णाला घरी न्या, असे सांगितले जाते. त्याला निष्क्रिय दयामरण म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. आजाराला पूर्वजन्मीचे कर्म म्हणून गप्प बसण्याचाही मार्ग धम्मात नाही. संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात वेदनेची पित्त, कफ, वात, ऋतुमान, अपघात अशी अनेक कारणे सांगून, सर्व काही पूर्वकर्मामुळेच घडते हे मत नाकारले आहे. बाबासाहेबांनी दुःखाची सामाजिक कारणे शोधण्याची जी दृष्टी दिली, ती वैद्यकीय नीतिशास्त्राला जोडणे हे काम कीओन यांच्या ग्रंथांनी पूर्ण केलेले नाही. ते आपल्या अभ्यासकांची वाट पाहत आहे.

उपसंहार

एका अभ्यासकाच्या दीर्घ परिश्रमातून आपल्या हाती काय आले? जीवित हे स्वतःच मूल्य आहे, त्याचा हिशेब उपयुक्ततेवर मांडू नये. करुणा हवी, परंतु करुणेच्या नावाखाली मरण हे उद्दिष्ट होऊ देऊ नये. अटळ मरणाशी निरर्थक झुंज देण्याचेही बंधन नाही. आणि पुरावा बदलला तर मत बदलावे.

हे विचार अतिदक्षता विभागाच्या दारात उभे असताना सुचत नाहीत. ते आधीच व्हावयास हवेत. घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून त्यांची इच्छा जाणून घ्यावी. ती लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करून ठेवता येते. विहारांतून या विषयावर चर्चा घडवाव्यात, त्यांत आपल्या समाजातील डॉक्टर, परिचारिका व वकील यांना बोलवावे. आणि वस्तीत कोणी दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेले असेल, तर पाळीपाळीने त्याच्यापाशी बसावे, जेणेकरून त्याच्या घरचे थकून जाणार नाहीत. मरण मागण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये, याची तजवीज त्या शुश्रूषेतूनच होते.